बोट चेपलं तर नोंद, छाती गेली तर सिक लीव्ह

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कारखान्यात स्फोट झाला किंवा कोणी मशीनमध्ये अडकलं की तुमच्या पेपरात बातमी येते, यायलाच पाहिजे. पण तिथेच काम करून करून जो माणूस हळूहळू आजारी पडतो त्याची बातमी सोडा, साधी नोंदही कुठे होत नाही, त्याबद्दल हे पत्र. मी एकोणीस वर्षं टाइम ऑफिसला होतो. मस्टर, रजेचे अर्ज आणि अपघाताचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं, त्यामुळे हे ऐकीव नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही.

अपघाताचं रजिस्टर आमचं एकदम टकाटक. बोट चेपलं, डोळ्यात कण गेला, पाय घसरला, सगळं तारीख वेळ साक्षीदारासकट. त्याच कपाटात कामामुळे होणाऱ्या आजारांचं दुसरं रजिस्टर होतं आणि एकोणीस वर्षांत त्यात एक ओळ पडली नाही. ऑडिटला येणारे साहेब ते उघडायचे, कोरं बघून खूश व्हायचे, सही करायचे. आणि खालच्या खणात सिक लीव्हच्या अर्जांचे गठ्ठे! ग्राइंडिंगवाल्यांचा खोकला, पेंट शॉपवाल्यांचा दम, पॅकिंगच्या मुलींची मनगटं, आणि प्रेस शॉपची माणसं तर साधं बोलतानाही ओरडायची, आम्ही त्यांची चेष्टा करायचो, आता आठवलं की लाज वाटते. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला की असंच होतं, आणि गेलेला कान परत येत नाही.

अपघाताला वेळ असते, सव्वादहा वाजता बोट चेपलं असं लिहिता येतं. सिलिकाच्या, म्हणजे दगड-वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुस किती वाजता खराब झालं ते कसं लिहिणार? ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर तर वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो, तोवर माणूस रिटायर होऊन घरी बसलेला, मस्टरवर नावच नाही. डॉक्टरही विचारत नाहीत. इटलीत रामाझिनी नावाचे डॉक्टर १७०० च्या सुमारास सांगून गेले की पेशंटला तुझा धंदा काय हे विचारा, तीनशे वर्षं झाली तरी आमच्याकडे येणाऱ्या सर्टिफिकेटवर ‘ताप, पाच दिवस विश्रांती’ एवढंच. मीपण ते फाइलला लावून मोकळा.

खरं तर रजेच्या तारखाच बरंच काही सांगतात. सूतगिरणीतल्या कामगारांना सुट्टीनंतर पहिल्या दिवशी, म्हणजे बहुतेक सोमवारी, छाती आवळल्यासारखी होते, कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ती जुनी ओळखच आहे. कामावरचा दमा असेल तर माणूस सुट्टीत बरा असतो आणि कामावर आला की पुन्हा धाप. हे तपासायला मशीन लागत नाही, मस्टर आणि रजेचे अर्ज शेजारी ठेवून बघणारा माणूस लागतो. मी बघितलं नाही, मला कोणी बघायला सांगितलंही नाही.

एकत्र बघितल्याने काय होतं त्याची दोन उदाहरणं देतो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात कीटकनाशकाच्या एका कारखान्यात कामगार आपापसात बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की अरे आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूलच होत नाहीये. तपासण्या झाल्या तेव्हा डीबीसीपी नावाच्या रसायनामुळे त्यांच्यात वंध्यत्व आल्याचं निघालं. म्हणजे जे रजिस्टरने पकडायला हवं होतं ते गप्पांनी पकडलं. दुसरं अमेरिकेतल्याच मिसूरी राज्यातलं, सन २०००. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न बनवणाऱ्या एकाच कारखान्यात आधी काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एकच दुर्मिळ आजार, त्यातले चार जण ट्रान्सप्लांटच्या यादीत. एका डॉक्टरने हे जोडून बघितलं आणि आरोग्य खात्याला कळवलं, मग लोण्याच्या वासासाठी घालायच्या डायअसिटिलपर्यंत तपास गेला. आठ वेगवेगळ्या डॉक्टरांकडे आठ वेगळे दमेकरी म्हणून ते गेले असते तर?

नियमच नाहीत असंही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००२ मध्ये एक प्रोटोकॉल, म्हणजे देशांसाठीचा करार, केलाय तो खास अपघात आणि आजारांची नोंद अन् रिपोर्ट याबद्दलच आहे. नुसता संशय असलेल्या आजारांचीही नोंद त्यात येते, रिपोर्ट केला म्हणून कामगारावर कारवाई करायची नाही असं त्यात आहे, आणि त्याची मेडिकल माहिती गुप्त ठेवायची असंही आहे. प्रत्यक्षात काय होतं तर गेटवर बोर्ड, ‘इतके दिवस शून्य’, आणि शून्य टिकलं की पूर्ण डिपार्टमेंटला बक्षीस. मग कोण तोंड उघडणार सांगा, एकाने खोकला लिहून दिला तर चाळीस जणांचं बक्षीस जाणार. ठेकेदाराच्या माणसांचं तर विचारूच नका, सगळ्यात धुळीचं काम त्यांचं आणि सहा महिन्यांनी माणूसच बदलतो, आजार त्याच्याबरोबर गेटबाहेर.

माझं म्हणणं फार मोठं नाही. सिक लीव्हच्या अर्जावर दोन ओळी वाढवा, कुठल्या मशीनवर, कुठल्या मटेरियलवर काम करता आणि सुट्टीत त्रास कमी होतो का. खात्री होईपर्यंत थांबू नका, शंका आहे असं लिहून ठेवा. कामावरून गेलेल्या माणसाची फाइल फेकू नका, ठेकेदाराचा असला तरी. बक्षीस द्यायचंच असेल तर नोंद करणाऱ्याला द्या. कोणी म्हणेल याने बिडीवाल्याचा खोकलापण कंपनीच्या माथी येईल, येऊ दे की, एकाचा खोकला बिडीचा असेल पण एकाच शेडमधल्या बारा जणांचा खोकला निघाला तर शेड बघायला लागेल.

आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी ‘शून्य अपघात’वाल्या कारखान्याच्या सत्काराला गेलात की चहा वगैरे घ्या, फोटो काढा, आणि निघताना टाइम ऑफिसमध्ये डोकावून तेवढं दुसरं रजिस्टर बघायला मागा.

आपला,
टाइम ऑफिसमधला एक जुना क्लार्क