ड्रेस्डेनहून घरी: चाचाची विहीर

ड्रेस्डेन, ५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा, आई आणि आजोबा यांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. खाणं, झोप, कॉलेज हे फोनवर रोज होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. फोनवर जे बोलता येत नाही तेवढ्यासाठी कागद घेतला. व्हिडिओ कॉल लागला की बंटी फोन ओढतो, शेजारच्या काकू मागून डोकावतात, आणि आजोबांना निम्मं ऐकू येत नाही. कागद त्यांना भिंग धरून सावकाश वाचता येईल.

आधी आईची काळजी. आई, त्या बॉम्बच्या बातमीची धाकधूक अजून तुझ्या मनातून गेलेली नाही, मला कळतं. तो बॉम्ब आताचा नाही गं. गेल्या वर्षी सप्टेंबरात इथला कॅरोला पूल एल्बे नदीत कोसळला. त्याचा राडारोडा काढताना दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब निघाला. ऑगस्टमध्ये सुमारे १७,००० लोकांना घराबाहेर काढून जाणकारांनी तो निकामी केला. माझं होस्टेल त्या भागात नव्हतंच. फेब्रुवारी १९४५ मध्ये या शहरावर ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी इतके बॉम्ब टाकले की २५,००० च्या आसपास माणसं गेली. दर १३ फेब्रुवारीला रात्री इथल्या चर्चच्या घंटा वाजतात. पहिल्या वर्षी मी एकटीच खिडकीत उभी राहून ऐकल्या होत्या.

दुसरी काळजी जालन्याच्या काकूंच्या फोनची. ‘तुमची लेक माझ्या लेकराला चारचौघांत नाही नाही ते बोलली,’ असं त्या म्हणाल्या. आईने विचारलं तेव्हा मी उडवाउडवी केली. मी राजकारणात पडलेली नाही, कुठल्या मोर्चात गेलेली नाही, व्हिसाला काही धक्का नाही. होस्टेलच्या हॉलमध्ये एक माहितीपट दाखवला आणि त्यावरून आमचं वाजलं. पण मी त्याला बोलले हे खरं आहे, आणि बोलायला नको होतं.

दिवस १७ सप्टेंबरचा. सकाळीच बंटीने शाळेतल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाचा फोटो पाठवला होता. संध्याकाळचा माहितीपट रॉबर्ट मॅक्नमारा यांच्यावरचा. हे १९६१ ते १९६८ अमेरिकेचे संरक्षणमंत्री. व्हिएतनामचं युद्ध वाढत गेलं ते त्यांच्याच काळात. पंच्याऐंशीचा म्हातारा सरळ आपल्या डोळ्यांत बघत बोलत राहतो. तरुणपणी ते हवाई दलात आकडेमोड करायचे. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियोत लाखभर माणसं जळाली, त्या मोहिमेची आकडेमोड. पडद्यावर जपानी शहरांची नावं येतात आणि शेजारी तेवढंच मोठं अमेरिकी शहर. टोकियो ५१ टक्के बेचिराख, म्हणजे जणू न्यूयॉर्क. आपण हरलो असतो तर आपल्यालाच युद्धगुन्हेगार ठरवलं असतं, हेही ते बोलून दाखवतात. पण अगदी शेवटी व्हिएतनामबद्दल तुम्हाला अपराधी वाटतं का, असं विचारल्यावर ते बोलायचं टाळतात.

माझ्या शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचे आईवडील १९८० नंतर व्हिएतनामहून पूर्व जर्मनीत कारखान्यात कामाला आले. ती म्हणाली, ‘माझ्या आजीचं गाव या माणसाच्या तक्त्यातला एक आकडा होतं. आणि अजूनही याला वाईट वाटतंय ते स्वतःचंच.’

जालनेकराला, म्हणजे काकूंच्या मुलाला, ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, खुर्चीवर बसलेल्याला ठरवावंच लागतं. १९६२ मध्ये क्युबाच्या वेळी अणुयुद्ध दाराशी आलं होतं, तेव्हा डोकं शांत ठेवणाऱ्यांतही हा माणूस होता, ते कसं विसरायचं? मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, ‘आणि सरदार पटेलांनी फौज पाठवली नसती तर आपण दोघं आज कुठं असतो?’

आता इथली एक पद्धत नीट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉलेजात भाषण किंवा तास संपला की हे लोक टाळ्या वाजवत नाहीत. मूठ वळून बोटांची हाडं टेबलावर आपटतात, आपण कडी नसलेल्या दारावर टकटक करतो तसं. नाटकाला, गाण्याला टाळ्याच. पण शिकवण्या-बोलण्याच्या जागी टकटक. लांब टेबलाभोवती दहाजण बसलेले असतील आणि उशिरा कोणी आला, तर सगळ्यांशी हात मिळवत बसत नाही, टेबलावर दोनदा टकटक करतो; तोच नमस्कार. पहिल्या तासाला शंभर मुठी एकदम बाकांवर पडल्या तेव्हा मला वाटलं, पोरं सरांवर चिडली. त्यात होकार-नकार असा नसतो. तुमचं ऐकलं, आभारी आहोत, एवढाच अर्थ. हे कळायला मला सहा महिने लागले, आणि जालनेकराला येऊन तर तीनच आठवडे झाले होते.

मैत्रीण पुन्हा बोलली, तिचा गळा दाटला, आणि सगळ्या टेबलांवर टकटक झाली. जालनेकराला वाटलं, अख्खा हॉल तिच्या बाजूने आणि आपल्या विरुद्ध गेला. तो आवाज चढवून बोलू लागला. त्याला थांबवायचं सोडून मी म्हणाले, ‘तुझ्या घरचं कोणी बॉम्बखाली नव्हतं ना, म्हणून तुला नेत्याची बाजू घेणं सोपं जातं.’

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ‘माझ्या पणजोबांना रझाकारांनी घरासमोर मारलंय. फौज वर्षभर आधी आली असती तर वाचले असते.’ आणि उठून गेला. बाबा, हे मला माहीत नव्हतं. काकूंनीही कधी सांगितलं नव्हतं.

मैत्रिणीने विचारलं, रझाकार म्हणजे कोण? मग मी तिला मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, सांगितली. निजामासाठी हत्यार घेतलेले रझाकार आणि त्यांचा म्होरक्या, लातुरात वकिली करणारा कासीम रझवी, मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, आजोबांचं घर रातोरात गाडी जुंपून निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीला गेलं ते, मग १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत शिरली आणि १७ ला निजाम शरण आला ते. आजोबांनी ओसरीवर जितक्या वेळा सांगितलं तितकं सगळं. ती म्हणाली, ‘आणि १८ तारखेला काय झालं?’

मला काहीच सांगता आलं नाही.

आजोबा, हे तुमच्यासाठी. (बाबा, त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.) आपल्या बांधापलीकडच्या विहिरीला सगळं गाव ‘चाचाची विहीर’ म्हणतं. तिच्या चौथ्या पायरीवर पाय घसरतो हे मला झोपेतही सांगता येईल. मी तिथे पोहायला शिकले, कंबरेला वाळलेले भोपळे बांधून, तुम्ही वर काठावर बसलेले. पण गावात चाचा कोणी नाही. मुसलमानांचं एकही घर नाही. लहानपणी एकदा मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘गेले ते, लेकरा,’ आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेलात. बैलांना पाणी तर आधीच पाजलेलं होतं.

नंतर मी वाचलं. नेहरूंच्या काळात पंडित सुंदरलाल यांची समिती आपल्या भागात फिरून गेली होती. फौज आल्यावर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्यात २७,००० ते ४०,००० माणसं गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे, आणि तेव्हा आपलं लातूर त्याच जिल्ह्यात होतं. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला होता. जालनेकराचे पणजोबाही खरे आणि चाचाही खरे. फौज यायलाच हवी होती, हे मी आजही म्हणते. पण त्या म्हाताऱ्या मंत्र्याने पंच्याऐंशीव्या वर्षी अर्धं का होईना सांगितलं. तुम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होता, तुमचा काय दोष? मला फक्त त्यांचं नाव पाहिजे. किती लेकरं होती, कुठं गेली, एवढंच.

जालनेकराला मी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. तो ‘ठीक आहे’ म्हणाला, पण येणंजाणं बंद होतं. दसऱ्याला दार वाजलं. हातात लिंडनच्या झाडाची दोन पानं होती. आपट्यासारखी दोन पाळ्यांची नाहीत, साधी बदामी, कडेने पिवळी पडलेली. मी पाया पडते म्हणाले तर मागे सरकला. मग पोहे केले. त्या विषयावर दोघंही बोललो नाही. काकूंना सांगा, त्यांचा मुलगा मोठ्या मनाचा आहे.

बाबा, सोयाबीनचं कळलं. काढणीच्या तोंडावर रान आठ दिवस पाण्याखाली, आणि तुम्ही मला ‘थोडं भिजलंय’ म्हणालात. बंटीने फोटो पाठवले तेव्हा समजलं. इकडे मी कॅन्टीनमध्ये आठवड्याला वीस तास काम करते, तब्येतीला काही त्रास नाही, जेवणही तिथंच होतं. या महिन्यात ३०० युरो पाठवते. बँकेचा हप्ता त्यातून भरा आणि म्हैस विकू नका. व्हिसासाठी पहिल्या वर्षीच्या खात्यात ११,९०४ युरो दाखवायला तुम्ही कुठून कुठून पैसे उभे केले ते मी विसरलेली नाही. बंटीची फी राहिली असेल तर मला सांगा, मामांकडे मागू नका.

पुण्याच्या स्थळाचं म्हणाल तर मुलगा चांगलाच असेल, मी नाही म्हणत नाही. पण मार्चपर्यंत थांबायला सांगा. त्यांना घाई असेल तर त्यांचंही बरोबरच आहे, मनात राग धरू नका. आई, दिवाळीला यंदाही येणं होत नाही. तिकिटाच्या पैशात दोन हप्ते निघतात, म्हणून मीच ठरवलं. करंज्या पाठवू नकोस, टपालाला फार पैसे लागतात. कोट घेतलाय, जुना आहे पण जाड आहे.

सगळ्यांना नमस्कार, बंटीला आशीर्वाद.

तुमची,
माई

ता. क. चाचाची विहीर काठोकाठ भरली असं बंटी म्हणाला. पाणी उतरलं आणि चौथी पायरी दिसायला लागली की त्याला फोटो पाठवायला सांगा.