बंगईवरचं ऊन

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्राचा फोटो पाहिला. खुर्चीचे पाय अगदी नेमके उभे राहिलेत. पण फरशीवरचं ऊन चुना सांडल्यासारखं दिसतं म्हणतेस, ते खरं आहे.

मीही सध्या ऊन रंगवण्याच्याच खटाटोपात आहे. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या घराची पुढची खोली, झोपाळ्यासारखी टांगलेली बंगई, आजीची शिसवी खुर्ची. डिसेंबरात सकाळी नऊला ऊन बंगईच्या पाटावर येतं. तिथेच तू संत्री सोलत बसायचीस. पहिल्या दिवशी मी त्या उन्हाच्या मागे लागलो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. अर्ध्या तासात ऊन पाटावरून फरशीवर उतरलं आणि कॅनव्हासवर दोन वेळांच्या सावल्या एकमेकींत अडकल्या. सगळं खरवडून काढलं. आता रोज नऊ ते सव्वानऊ एवढंच ऊन बघतो, आधी त्याच्या कडा बांधून घेतो. उरलेली सकाळ सावलीची.

मेख तिथेच आहे, बेटा. टायटॅनियम व्हाइट कितीही थाप, उन्हाइतका उजेड ट्यूबमध्ये नसतोच. ऊन दिसतं ते शेजारच्या सावलीमुळे, आणि तुझी सावलीतली भिंत फार फिकी आहे. ती चांगली गडद कर. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबरचा तपकिरी मिसळ, काळा नको. उन्हाच्या पांढऱ्यात किंचित यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. मग डोळे बारीक करून बघ. फरशीवरून उलटलेल्या उन्हाने बंगईच्या पाटाची खालची बाजू तांबूस होते, हे इतकी वर्षं त्या घरात राहून मला परवा दिसलं!

डेन्मार्कचा चित्रकार हॅमरशॉय १८९८ ते १९०९ कोपनहेगनच्या एकाच घरात राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. त्याचे करडे रंग निवांत बघ.

तैलरंगाचा पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, जवसाचं तेल वरच्या थरांत. उलट झालं तर पुढे भेगा पडतात. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच टाक. खिडकी उघडी ठेव.

सुट्टीत आलीस की खुर्ची हलवू नकोस. तिच्या पायांभोवती मी खडूने खुणा केल्या आहेत. आईलाही तिथे झाडू मारू देत नाही.

तुझे,
बाबा