चिऊताई, दार उघड

प्रिय चिमणे,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

चिऊताई, दार उघड. सात महिने एक ओळ नाही, तुझा फोन आला की "नंतर करते" म्हणून ठेवला. तेव्हा "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" म्हणत मला खुशाल पावसात उभी कर. पण आज जे लिहितेय ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

यांची बायपास झाली, टाके वाळले. मीठ बंद, कुरकुर चालू. माझे गुडघे आहेत तसेच.

गेल्या शनिवारी घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली होती. चाळीसेक माणसं, बाहेरच्या खोलीत सतरंज्या. चार दिवस आधीपासून मी वहीत नावं लिहीत होते. डॉक्टर, पाळकसाहेब, उपास धरणारं महिला मंडळ, पैसे पाठवणारा लेक, रोज रात्री आमच्या घराचे दिवे लावून जाणारा समोरचा किराणावाला. उभी राहून सगळी नावं वाचली, रडले, लोकही रडले. मग पाळकसाहेबांनी बायबलातला लूकचा सतरावा अध्याय काढला. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकटा शोमरोनी, आणि प्रभूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत?

माझी नजर स्वयंपाकघराच्या दारात गेली. धाकटी जाऊ चहा गाळत होती. पदर कमरेला खोचलेला, डाव्या हातात गाळणं, उजव्या हातात फडक्यानं धरलेलं पातेलं. वाफ लागते म्हणून तोंड एका बाजूला केलेलं. वहीत तिचं नाव नव्हतं.

वाटणीच्या वेळचं तुला सांगायला नकोच. आठ वर्षं आम्ही कामापुरतं बोलतोय. ऑपरेशन झालं त्या रात्री ती न सांगता पिशवी घेऊन हजर. "अक्का, तुम्ही घरी जाऊन झोपा." बत्तीस वर्षं सिस्टर होती, तिला कोण अडवणार! अकरा रात्री बाकड्यावर काढल्या. तिसऱ्या रात्री अडीच वाजता यांचं मनगट धरून, घड्याळाकडे बघत तिनं नाडी मोजली आणि तशीच धावत जाऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवून आणलं. मला सकाळी म्हणाली, "जरा वरखाली झालं होतं." खरं काय झालं ते वॉर्डातल्या मावशींनी आठ दिवसांनी सांगितलं.

गडबडीत विसरले असं म्हटलं तर सगळे मानतील. तू मानणार नाहीस, म्हणून तुला लिहितेय. विसरले नव्हते, चिमणे. वही घेऊन बसले तेव्हा पहिलं नाव तिचंच आलं होतं. पेन टेकवलं आणि उचललं. डॉक्टरांचे आभार मानले की काम संपतं. तिचे मानले तर ओसरीची भिंत, सासूबाईंची पेटी, त्या दिवशी ती बोललेली वाक्यं, सगळं सोडावं लागणार होतं. ते मी जपून ठेवलंय. देवाचे उपकार मात्र चाळीस माणसांसमोर मोठ्यानं मानले.

आता तू म्हणशील, ही काऊ 1983 पासून अशीच आहे. डी.एड.च्या फॉर्मचे 85 रुपये आठवतात ना? चपलांसाठी साठवलेले तू मला दिलेस, आणि रात्रीच्या प्रार्थनेत मी म्हटलं, "प्रभू, तू पुरवठा केलास." तू आमेनच्या आधीच उठलीस. "पुरवठा माझ्या ट्रंकेतून झाला!" मी तुला गर्विष्ठ म्हटलं, वर थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन तोंडावर मारलं, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. तीन दिवस अबोला. तरी चिवड्याचा डबा दोन खाटांच्या मधोमध ठेवून आपण दोघी भिंतीकडे तोंड करून खात होतो, ते आठवलं की अजून हसू येतं. रेक्टरबाईंना वाटलं, आपण मौनव्रत धरलंय!

सभेच्या रात्री झोप येईना म्हणून शास्त्र उघडलं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. नुसती नावं, पंचवीसच्या वर, म्हणून आपण कायम वगळत आलो तोच. पौल सगळ्यांत आधी फीबीला चांगलं वागवा म्हणून सांगतो, ती पुष्कळांच्या आणि त्याच्याही उपयोगी पडली होती म्हणून. मग प्रिस्क आणि अक्विला. त्यांनी त्याच्या जिवासाठी स्वतःची मान धोक्यात घातली, तर तो सरळ लिहितो की मी त्यांचे उपकार मानतो. एवढा मोठा प्रेषित, पण देवाचे मानलेत म्हणजे माणसांचेही त्यात आले, असं काही त्याला वाटलं नाही.

आणि आमची पणजी आठवली. 1897च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यांतली ती. केडगाव स्टेशनावरून बैलगाडीतून नेताना गाडीवानानं आपल्या भाकरीतला तुकडा तिच्या हातावर ठेवला होता. आई सांगायची, म्हातारी मरेपर्यंत रोज प्रार्थनेत म्हणायची, "त्या गाडीवानाचं भलं कर." तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मला नाव माहीत होतं.

सोमवारी बेसनाचे लाडू घेऊन तिच्याकडे गेले. बोलायचं ठरवूनच गेले होते. तिनं डबा घेतला, "बसा ना अक्का" म्हणाली, यांच्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या, दारावरच्या जोंधळ्याचा भाव सांगितला. तासभर बसले आणि न बोलता परत आले. बुधवारी तिनं डबा परत पाठवला, आत शेंगदाण्याची चटणी. रिकामं भांडं कसं पाठवणार? आपल्याकडे आभार असेच मानतात, असं हे म्हणतात. मलाही दोन दिवस तसंच वाटून बरं वाटलं. पण चटणी संपली तरी जे बोललेलं नाही ते नाहीच.

तुझ्या सुनेचं बाळंतपण कधी? घराचं प्लास्टर झालं का? पुढच्या पत्रात सगळं विचारते, रागावू नकोस.

चिमणे, ते 85 रुपये प्रभूनं दिले, आणि तू दिलेस. तुझे आभार मानते. बेचाळीस वर्षं लागली, पण आधी तुलाच लिहायचं होतं, म्हणजे तोंडाला सवय होईल. येत्या रविवारी मंडळीत हंगामाचा सण आहे. धाकटी जाऊ अंडी आणि कडधान्य वाहायला घेऊन येते, त्या वस्तूंच्या लिलावाच्या वेळी मागच्या बाकावर बसते. मी तिच्या शेजारी जाऊन बसणार आहे. त्याआधी, शनिवारी रात्री, तू माझ्यासाठी प्रार्थना कर. मोठ्यानं कर, आणि तिचं नाव घेऊन कर.

तुझीच,
काऊ