ओपन जिम राहू द्या, आधी पदपथ द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टर ‘रोज चाला’ म्हणतात. कुठून चालायचे, ते मात्र चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. पुण्यात प्रभागाचा निधी हाती आला की बागेच्या कोपऱ्यात रंगीत लोखंडी यंत्रे बसतात, फलक लागतो आणि ‘आरोग्या’चे काम झाले असे समजले जाते. आमचे म्हणणे इतकेच, की सोसायटीच्या फाटकापासून मंडईपर्यंतचा चारपाचशे मीटरचा रस्ता नीट केला, तर तेवढ्याच पैशात हृदयाचे भले अधिक होईल. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजी, दळण, बँक, बसथांबा एवढी कामे पायी झाली तरी त्यातली बरीच मिनिटे आपोआप भरतात. त्यासाठी पहाटेचा गजर लागत नाही. उलट जिममध्ये बहुतेक तेच लोक दिसतात, जे एरवीही व्यायाम करतच असतात.

आता पदपथाकडे वळू. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शिकेनुसार (क्रमांक 103) पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि 2.2 मीटर मोकळी उंची हवी, कडेचा दगड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. पदपथ अडीच मीटरचा बांधला आणि मध्ये महावितरणचा डीपी (विजेची पेटी), झाडाचा कट्टा नि फलकाचा खांब आला, तर उरलेल्या सत्तर सेंटीमीटरमधून काठी घेतलेला माणूस जात नाही. तो खाली रस्त्यावर उतरतो. दुचाकी चढू नयेत म्हणून कडेचा दगड फूटभर उंच करण्याची युक्तीही फसवी आहे: दुचाकी फाटकाच्या उतारावरून वर येतेच, आणि गुडघे दुखणारी आजी मात्र चढू शकत नाही.

सर्वांत मोठी चूक फाटकांपाशी होते. प्रत्येक इमारतीच्या गाडीसाठी पदपथ तोडून खाली उतरवतात, म्हणजे शंभर मीटरमध्ये पाचसहा वेळा चढउतार. खरे तर पदपथाची पातळी फाटकापुढेही तशीच सलग राहायला हवी. गाडीसाठीचा उतार फक्त रस्त्याकडच्या पट्टीत द्यायचा. गाडीने चढावे, माणसाने नाही. पेव्हर ब्लॉक खचतात तेही नशिबाने नव्हे. कडेला पक्की किनार नसली की पावसात खालची वाळू वाहून जाते. किंवा केबलसाठी खोदलेला चर धुम्मसाने माती न ठोकता बुजवतात आणि वरून ब्लॉक मांडून मोकळे होतात. खांब रोवून दुचाकी रोखण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. चाकाच्या खुर्चीला किमान 90 सेंटीमीटर जागा सोडावी लागते आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. तेव्हा तिथे खांब नव्हे, दंडाची पावतीच कामी येते.

रस्ता ओलांडण्याचा हिशेबही करून पाहावा. पादचाऱ्यांच्या सिग्नलसाठी सेकंदाला 1.2 मीटर वेग धरण्याची रूढी आहे. त्या वेगाने 24 मीटरचा रस्ता 20 सेकंदांत पार होतो. सत्तरीच्या माणसाचा वेग 0.8 मीटर धरला तर 30 सेकंद लागतात. उरलेले दहा सेकंद तो धावतो किंवा वाहनांत अडकतो, आणि ज्याच्या छातीत जिना चढताना कळ येते त्याच्यासाठी हीच धाव घातक. अशा माणसाला थोडे चालून थांबावे लागते, म्हणून दर दीडदोनशे मीटरवर सावलीतले बाक हवे. आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच आराखड्यात नसते: रक्तदाबासाठी किंवा हृदयाच्या कमजोरीसाठी लघवीची गोळी घेणारे अनेकजण सकाळी घराबाहेरच पडत नाहीत, कारण वाटेत स्वच्छ मुतारी नाही. बायकांच्या बाबतीत तर विचारूच नका.

आवाजाकडे आपण ‘त्रास’ म्हणून पाहतो, आजाराचे कारण म्हणून नाही. झोपेत हॉर्न वाजला आणि जाग आली नाही, तरी शरीर दचकतेच: नाडी वाढते, ताणाची संप्रेरके सुटतात, रात्री उतरायला हवा तो रक्तदाब उतरत नाही. वर्षानुवर्षे असे झाले की रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती 10 किंवा अधिक डेसिबलने ओलांडली गेली तर नियम 7 खाली तक्रार करता येते. इथे ‘फक्त दहा’ म्हणू नये, दहा डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट. मोबाइलवरचे मापन काही डेसिबलने चुकते, तेव्हा ते पुरावा म्हणून नव्हे, तपासणीची मागणी करण्यासाठी वापरावे: उघड्या खिडकीत, पंखा बंद ठेवून, पंधरा मिनिटांची सरासरी.

आणि आपले गतिरोधक! रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, म्हणजे पसरट हवा. ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून विनाधक्का जाते. गल्लोगल्ली एका रात्रीत उगवणारे हातभर रुंदीचे डांबरी उंचवटे म्हणजे रिकाम्या टेम्पोचा धाडकन आवाज, ब्रेक, पुन्हा रेस, आणि हे रात्रभर. तो उंचवटा मागून घेणारे बहुधा त्याच्याच समोर झोपतात. तोवर घरात करण्याजोगे एकच: हृदयरोग्याची खाट रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवावी.

झाडे असलेल्या वस्तीत हृदय चांगले राहते असे म्हणतात, त्यावर एक शंका रास्त आहे. हिरव्या वस्तीत पैसेवाले राहतात, मग त्यांचे हृदय चांगले राहते ते झाडांमुळे की पैशांमुळे? अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात याचे उत्तर शोधण्यासाठी आधी रहिवाशांचे रक्त तपासले, मग त्यांतल्या काही वस्त्यांत आठ हजारांहून अधिक मोठी झाडे आणि झुडपे लावली आणि पुन्हा रक्त तपासले. शरीरातील दाह दाखवणारा, हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलेला सीआरपी हा घटक झाडे लावलेल्या भागात 13 ते 20 टक्के कमी आढळला. 2024 मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले. यातला ‘मोठी’ हा शब्द आपल्या वृक्षारोपणवाल्यांनी वाचावा. वीतभर रोपासोबत फोटो काढून हे साधत नाही.

आपल्याकडे कडुनिंब, करंज, ताम्हण टिकतात. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, तो पदपथावर नकोच. पुरुषभर उंचीचे रोप, मीटरभर खोल-रुंद खड्डा, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लागवड आणि पुढचे दोनतीन उन्हाळे पाणी. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी राहिली पाहिजे; गळ्यापर्यंत काँक्रीट ओतलेले झाड तहानेने वाळते आणि मग ‘धोकादायक’ म्हणून तोडले जाते. मात्र अरुंद, गजबजलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी छत जुळेल इतकी दाट झाडी नको, तिच्याखाली धूर कोंडतो.

हवेबद्दल थोडक्यात. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 5. म्हणजे ‘मर्यादेत’ असलेली हवाही हृदयाला निर्धोक नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत धूर धरून ठेवते. तेव्हाच कोरडी झाडलोट होते, पालापाचोळा पेटतो आणि तेव्हाच लोक फिरायला निघतात. त्या दोन महिन्यांत हृदयरुग्णांनी ऊन वर आल्यावर किंवा दुपार कलल्यावर चालावे, आणि झाडलोट पाणी शिंपडून व्हावी. यातले काहीही गोळ्यांना किंवा तंबाखू सोडण्याला पर्याय नाही, हे सांगायलाच हवे.

पुण्यात 2006 पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली लहान कामे सुचवता येतात. त्या अर्जात ‘पदपथ दुरुस्ती’ असे मोघम लिहिले की पुन्हा तेच ब्लॉक येतात. फाटक ते मंडई हे अंतर मीटर टेप घेऊन चाला. मोकळी रुंदी 1.8 पेक्षा कमी कुठे, कडेचा दगड 15 सेंटीमीटरहून उंच कुठे, पातळी किती फाटकांपाशी तुटते, सिग्नल किती सेकंदांचा, कोणत्या बुंध्याभोवती काँक्रीट आहे, हे जागेच्या खुणेसह लिहा. डीपी हलवायचा असेल तर महावितरणला वेगळे पत्र द्यावे लागेल. महापालिकेचा अभियंता तो हलवू शकत नाही.

आपले,
हृदयरोग आणि रस्तेरचना या क्षेत्रांत काम करणारे काही पुणेकर