क्राऊन न उघडता आवाजाचे मूळ शोधणाऱ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातील वस्तादांस

आदरणीय वस्ताद यांस,

सादर नमस्कार.

आमच्या जीपच्या मागच्या बाजूने येणाऱ्या आवाजाचे आपण जे निदान केलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. प्रत्यक्ष भेटीत आभार मानले होतेच. परंतु आपण ज्या क्रमाने आणि ज्या संयमाने कारणापर्यंत पोहोचलात, तो क्रम मागच्या चाकांवर चालणारी गाडी वापरणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ही जीप गगनबावड्याकडच्या आमच्या वाडीवरून दूध, शाळेची मुले आणि वेळप्रसंगी आजारी माणूस घेऊन कोल्हापुरात येते. तिचे सर्व्हिसिंग झाले, त्यात क्राऊनचे, म्हणजे मागच्या ॲक्सलमधील दातेरी चक्रांचे, ऑइल बदलले गेले आणि पुढचे टायर मागे व मागचे पुढे करण्यात आले. परतीच्या वाटेवर फुलेवाडी ओलांडून वेग वाढताच मागून बारीक, ताणलेला सूर येऊ लागला आणि त्याच्या जोडीला एक जाड घरघर. गाडी पुन्हा दाखवली, तेव्हा ती चालवून न पाहताच क्राऊन-पिनियनचा (मोठे दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारे छोटे चक्र) सेट बेअरिंगसह बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. हा खर्च आमच्यासारख्यांचा हंगाम मोडणारा होता.

आपण पाना हातात घेण्याआधी गाडीत बसलात, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. शिरोलीच्या पुढे महामार्गावर एकसारखा वेग धरायला लावून, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, सोडल्यावर आणि मोकळा रस्ता पाहून गाडी न्यूट्रलमध्ये वाहू दिल्यावर असा तीन प्रकारे आपण तो आवाज ऐकलात. बारीक सूर दाबताना चढत होता, सोडल्यावर पडत होता आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ नाहीसा होत होता. जाड घरघर मात्र तिन्ही वेळा तशीच राहिली. तेथेच आपण म्हणालात की हे दोन वेगळे आवाज आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी असणार. चाकाच्या एका फेऱ्यात पिनियनचे साधारण चार फेरे होतात, म्हणून पिनियनकडचा आवाज बारीक येतो आणि तो ओढीच्या भारानुसार बदलतो. चाकाचे बेअरिंग किंवा टायर यांचा आवाज त्या मानाने जाड असतो आणि इंजिनाच्या ओढीशी त्याचा फारसा संबंध नसतो, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेत की माझ्या पुतण्यालाही ते लगेच उमगले.

बेअरिंगची शंका फेडण्यासाठी आपण गाडी वाघबीळच्या वळणांवर नेलीत. वळण घेताना भार बाहेरच्या चाकावर जातो, त्यामुळे एखादे बेअरिंग खराब असेल तर एका बाजूच्या वळणावर त्याचा आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर उतरतो. येथे दोन्हीकडे फरक पडला नाही. परत आल्यावर पुढच्या चाकांना ठोकळे आणि ॲक्सलखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावून आपण मागची चाके हाताने फिरवलीत आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवून खरखर जाणवते का ते पाहिलेत. ती जाणवली नाही. ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या क्रॉस जॉइंटमध्येही (सांध्यामध्येही) ढिलाई नव्हती.

मग ऑइल. गाडी सपाट जागेवर उभी करून आपण भरण्याचे बूच काढलेत, तेव्हा भोकाच्या खालच्या कडेपर्यंत यायला हवे ते ऑइल बोट आत वाकवूनही लागले नाही. भरताना गाडीचे तोंड वर उचललेले असावे, त्यामुळे ऑइल मागच्या कव्हरकडे सरकून भोकातून लवकर सांडले आणि हौसिंग, म्हणजे क्राऊनचे कवच, भरल्यासारखे वाटले, हा आपला तर्क मला पूर्ण पटतो. या प्रकारच्या क्राऊनमध्ये पिनियन मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत तर घासत सरकतात. म्हणूनच त्याला जीएल-५ प्रतीचे, म्हणजे दात्यांवरचा मोठा दाब सोसणारे, ऑइल लागते आणि तेही पुरेसे, हे आपल्याकडून प्रथमच समजले. काढलेले ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे पाणी शिरलेले नव्हते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या भागात ही तपासणी कोणीही टाळू नये. तापलेला ॲक्सल पाण्यात बुडून एकदम थंड झाला की सील आणि ब्रीदर (ॲक्सलमधील हवा ये-जा करण्याची छोटी वाट) यांमधून पाणी आत ओढले जाते. चुंबकाच्या बुचावर मऊ करडा लेप होता, पण धातूची कपची एकही नव्हती. क्राऊन उघडण्याची गरज नाही, हे आपण त्या लेपावरून ठरवलेत. ब्रीदर साफ करून योग्य प्रतीचे ऑइल मापाने भरल्यावर बारीक सूर विरला.

घरघरीचे मूळ टायरमध्ये निघाले. पूर्वी पुढे असलेल्या टायरांच्या नक्षीवर हात एका दिशेने गुळगुळीत फिरत होता आणि उलट फिरवला की करवतीसारखा अडत होता. ते टायर मागे गेल्यामुळे त्यांचा जुनाच आवाज ॲक्सलचा वाटू लागला होता. आपण ते पुन्हा पुढे बसवून दाखवलेत आणि घरघरही पुढे सरकली. ही झीज चाकांच्या अलाइनमेंटमुळे होते, हे सांगून आपण तेही तपासून घ्यायला लावलेत.

आपण निदानाचे पैसे वेगळे लावलेत, ते अगदी योग्य केलेत. सुटा भाग न बदलता केवळ ऐकून आणि तपासून कारण सांगणे हेही पूर्ण काम आहे, आणि त्याचा मोबदला देताना गिऱ्हाईकाने कचरू नये, असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे शिकणारी मुले त्या वेळी शेजारी उभी होती आणि प्रत्येक टप्प्यावर आपण आधी त्यांना काय वाटते ते विचारत होतात, हे पाहून फार बरे वाटले.

हजार किलोमीटर झाल्यावर ऑइलची पातळी आणि चुंबक पुन्हा पाहा, दात्यांना इजा झाली असेल तर ती तेव्हा दिसेल, असे आपण स्पष्ट बजावले होते. त्याप्रमाणे सपाट जागेवर बूच काढून पाहिले. पातळी कडेला आहे आणि चुंबकावर पुसट लेपापलीकडे काही नाही. अलाइनमेंटही करून घेतली आहे. झिजलेले दोन टायर पावसाळ्याआधी बदलणार आहोत.

आपला कृतज्ञ,
गगनबावडा तालुक्यातील एक जीपमालक