आधी वीज बघा, मग डिस्कला दोष द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून ‘जुनी मशीन काढून टाका’ हा सल्ला जो तो देतो. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या छोट्या छापखान्यांना तो परवडणारा नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची गरजही नाही. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं अजून पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर जुळवली जातात. मराठी मजकूर श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड तशाच नुडीत, आणि दोन्ही एकाच पानावर. हा सगळा संसार विंडोज एक्सपी किंवा ७ वर थाटलेला असतो, श्रीलिपीचं डोंगल (ते चालू होण्यासाठी लागणारी परवान्याची चावी) मागे अडकवलेलं असतं. मशीन चालतं आहे. आतली ८० किंवा १६० जीबीची डिस्क तेवढी भरली आहे. अशा वेळी बाहेरून डिस्क जोडणं हा स्वस्तातला मार्ग. पण जोडल्यावर ती ‘दिसत नाही’, ‘टकटक करते’, ‘कॉपी करताना गायब होते’, आणि मग चांगली डिस्क खराब ठरवली जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भरलेली डिस्क फॉरमॅट होते. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकतर विजेत असतं किंवा पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागणीच्या, प्रकारात.

आधी वीज. यूएसबी २च्या पोर्टमधून नियमाने ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३मधून ९००. अडीच इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी तिची मागणी एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. म्हणून तीच डिस्क भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर झकास चालते आणि छापखान्यातल्या मशीनवर टक्... टक् करून थांबते. ती टकटक ऐकून लगेच ‘हेड गेलं’ (डिस्क वाचणारा आतला भाग बिघडला) म्हणू नका. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून डिस्क काढा. तो पोर्ट आतून बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो आणि तिथेच व्होल्टेज पडतं. मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्या. केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, एक्स्टेंशन तर मुळीच नको. तरीही जमलं नाही तर दोन तोंडांची केबल मिळते, तिची दोन्ही तोंडं मागच्या पोर्टांत लावा. किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घ्या, ज्याचा अडॅप्टर ५ व्होल्ट, निदान २ अँपिअरचा असेल. अडॅप्टर नसलेला हब घेऊन काही साधत नाही, कारण तो तेच ५०० मिलीअँपिअर चौघांत वाटतो. एवढं सगळं करूनही टकटक राहिली, आणि दुसऱ्या मशीनवरही राहिली, तरच डिस्कवर संशय घ्या.

बाहेरच्या डीव्हीडी रायटरलाही हेच लागू. जुन्या लग्नाच्या सीडी तो वाचतो, पण लिहिताना अर्ध्यावर थांबतो, कारण लिहिताना लेझरला आणि मोटरला जास्त करंट लागतो. ब्लँक डिस्कच्या कंपन्या बदलून बघण्याआधी पोर्ट बदलून बघा.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत, म्हणून तिच्या केसला वेगळा अडॅप्टर असतो. इथे एक महागडी चूक होते. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर आणि केसचा १२ व्होल्टचा अडॅप्टर यांची पिन अनेकदा सारखीच दिसते आणि बसतेही. बसली की केसचं सर्किट जळतं, कधी डिस्कचा बोर्डही. अडॅप्टरवर ‘डिस्क, १२ व्होल्ट’ अशी चिठ्ठी चिकटवून टाका. आणि तो अडॅप्टर कुठे लावला आहे तेही बघा. संगणक यूपीएसवर आणि डिस्कचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये, हे दृश्य दर दुसऱ्या दुकानात दिसतं. वीज गेली की संगणक चालू राहतो, डिस्क तेवढी लिहिता लिहिता बंद पडते. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आपल्या नोंदी सावरून घेतं, पण अर्धी लिहिली गेलेली फाइल त्यातून बचावत नाही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या खानापूर तालुक्यात तर अडॅप्टर नसलेली अडीच इंची डिस्कच बरी. किंमत थोडी जास्त पडते, एक वायर कमी होते.

आता वेग. एक्सपीच्या सुरुवातीच्या काळातल्या मशीनवर यूएसबी १.१ असू शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलरच्या यादीत ‘एन्हान्स्ड’ हा शब्द दिसला तर यूएसबी २ आहे. नुसतं ‘युनिव्हर्सल’ किंवा ‘ओपन’ दिसत असेल तर १.१, किंवा ड्रायव्हर बसलेला नाही. फरक किती ते हिशेबाने बघा. १.१वर प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम १ एमबी जातं, म्हणजे ५०० जीबी हलवायला जवळपास सहा दिवस. यूएसबी २वर सेकंदाला ३० एमबी धरले तर साडेचार-पावणेपाच तास. यूएसबी ३वर फिरती डिस्क १०० एमबीच्या आसपास देते, काम दीड तासात होतं. यूएसबी १.१ असेल तर पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं यूएसबी २चं कार्ड टाका, ते पुरेसं आहे. यूएसबी ३चं कार्ड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट मागतं, त्यावर एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर लावायची जागा बहुधा असते (ती रिकामी ठेवली की पुन्हा वीज कमीच), आणि त्याचा एक्सपीसाठी ड्रायव्हर आहे का हे खोक्यावर वाचून घ्यावं लागतं. विंडोज ७मध्येही यूएसबी ३चा ड्रायव्हर मुळात नसतो, कार्डाच्या सीडीवरून टाकावा लागतो. ती सीडी फेकू नका.

खरा गोंधळ डिस्कच्या आकारात आहे. डिस्कची विभागणी नोंदवायचे दोन प्रकार आहेत, जुना एमबीआर आणि नवा जीपीटी. ३२-बिट एक्सपीला जीपीटी प्रकारचं पार्टिशन वाचता येत नाही, फक्त एमबीआर. आणि एमबीआर नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर (डिस्कवरच्या सगळ्यात छोट्या कप्प्यावर) २ टीबीच्या पुढे जात नाही. म्हणून एक्सपीसाठी २ टीबी किंवा कमीची डिस्क घ्या, एमबीआर ठेवा, एनटीएफएस करा. विंडोज ७ जीपीटी वाचतं, त्यामुळे तिथे डेटासाठी मोठी डिस्क चालते, फक्त ती तुम्ही उद्या शेजारच्या एक्सपीवर नेणार नाही याची खात्री असू द्या. एनटीएफएसऐवजी फॅट३२ ही जुनी पद्धत असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल जात नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना ‘जागा नाही’ असा संदेश येतो आणि डिस्क तर निम्मी रिकामी असते, त्याचं कारण हेच. एक्सफॅट ही तिसरी पद्धत एक्सपीला वेगळं अपडेट टाकल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान एका बटणाने होतं. नव्या मशीनवर भरलेली जीपीटी डिस्क एक्सपीला लावली की माय कॉम्प्युटरमध्ये काहीच दिसत नाही. मग कोणीतरी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट असं जातं. तिथे ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ लिहिलं असेल तर डिस्क ठणठणीत आहे, एक्सपीलाच तिची भाषा येत नाही. हात न लावता काढून घ्या. ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं आणि डिस्कमध्ये काही असण्याची शक्यता असेल, तर कॅन्सल. डिस्क तिथे नीट दिसते, पण तिला ड्राइव्हचं अक्षर (डी, ई असं) नाही, असंही होतं. नेटवर्कवरच्या ड्राइव्हने तेच अक्षर आधी घेतलेलं असतं. त्याच पडद्यावर राइट क्लिक करून अक्षर बदला, एम किंवा त्यापुढचं द्या, म्हणजे पुन्हा भांडण नको. कोरी डिस्क असेल तरच इनिशियलाइझ, एमबीआर, नवीन पार्टिशन, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. जुन्या बाजारातून घेतलेल्या डिस्कला मात्र एकदा पूर्ण फॉरमॅट लावा. रात्रभर चालेल, पण खराब सेक्टर आधीच समजतील.

तयार एक्स्टर्नल डिस्कची केस बिघडली म्हणून आतली डिस्क काढून थेट मदरबोर्डला लावण्याचा प्रयोग अनेकजण करतात. काही मोठ्या डिस्कच्या केसमधलं सर्किट सेक्टरचा आकार बदलून दाखवतं, काहींत तेच सर्किट डेटा कुलूपबंद करतं, आणि काही डिस्कवर साटाची (मदरबोर्डला जोडायची) पिनच नसते, यूएसबी थेट बोर्डावर असतं. पहिल्या दोन प्रकारांत डिस्क रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. तशीच केस मिळवा. त्यापेक्षा सुरुवातीलाच साधी साटा डिस्क आणि वेगळी केस असं घेतलं तर पुढे केस बदलता येते. आमचा कल तिकडेच आहे.

डिस्क लावून संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही’ आलं तर घाबरू नका. बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बाहेरच्या डिस्कमध्ये विंडोज शोधतं आहे. ती काढून सुरू करा, बायोसच्या बूट क्रमात आतली डिस्क पहिली ठेवा.

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट नाहीत, म्हणून त्या मशीनला इंटरनेट नको. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आणि ही डिस्क एकाच वेळी लावू नका. फाइलींच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी दुसऱ्या, अँटिव्हायरस असलेल्या मशीनवर तपासा.

आणि कॉपी करताना नुसती पत्रिकेची फाइल नेऊ नका. जुनी श्रीलिपी आणि नुडी यांच्या फाइली त्या त्या फाँटशिवाय उघडल्या की मराठी-कन्नड दोन्हींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाँटचं फोल्डर, पेजमेकरच्या पानावर जोडलेली चित्रं आणि छपाईला दिलेली पीडीएफ हे तिन्ही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हेच फोल्डर दुसऱ्या एका डिस्कवरही हवं, आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी, कपाटात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर. पावसात भिजत आणलेली डिस्क लगेच लावू नका, अर्धा तास कोरड्या जागी राहू द्या.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे दोघे वाचक,
शहापूर, बेळगाव