तिकिटाची पेटी आणि नाकातली नळी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. नोकरीला लागलो तेव्हा तिकिटाची पेटी हातात पडण्याआधी मला शिकावं लागलं, परवाना आणि बिल्ला काढावा लागला, आणि त्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही द्यावं लागलं. पेटीत असून असून काय, तर कागदाची तिकिटं.

गेल्या वर्षी मे महिन्यात बायकोला अर्धांगाचा झटका आला. अकरा दिवसांनी घरी सोडलं तेव्हा उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, खाली लघवीची पिशवी. मला एक फाइल मिळाली, औषधांची चिठ्ठी मिळाली. सिस्टर घाईत म्हणाल्या, "दर दोन तासांनी कूस बदला आणि नळीतून पातळ भरवा." तिची खाट रिकामी व्हायची वाट बघत दुसरा पेशंट स्ट्रेचरवर पडलेला होता. त्यामुळे त्या सिस्टरना मी बोल लावत नाही.

पण कूस बदलायची कशी? आयुष्यभर चाळीस-पन्नास माणसांना "पुढे सरका" म्हणून सरकवलं, आणि एका माणसाला कुशीवर वळवता येईना. बगलेत हात घालून ओढलं की ती कळवळायची. तो लुळा खांदा ओढायचाच नसतो, हे मला कुणी सांगितलं होतं? ओढताना खालची चामडी चादरीवर घासली जायची. आठवड्याभरात माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आला. शेजारच्या काकी म्हणाल्या, खोबरेल चोळ. मी चोळलं, मन लावून चोळलं. असा लाल झालेला भाग चोळला की आतलं मांस आणखी दुखावतं. चार दिवसांत तिथे जखम झाली.

भरवण्याची गोष्ट याहून वाईट. आमच्याकडे आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज, हे ठरलेलं. चहाच्या गाळणीने गाळून दिली, तर दुसऱ्याच दिवशी नळी तुंबली. मग पिचकारीचा दट्ट्या जोर लावून दाबायला लागलो, तोही ती उताणी झोपलेली असताना. तिला ठसका लागायचा. मला वाटायचं, घसा कोरडा पडला असेल. तिसऱ्या आठवड्यात ताप भरला, छाती घरघरायला लागली, पुन्हा नऊ दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, अन्न फुफ्फुसात गेलंय. ते माझ्या हातून गेलं होतं, महोदय.

दुसऱ्यांदा घरी आणल्यावर पलीकडच्या वाडीतल्या एक निवृत्त नर्सबाई आपणहून आल्या. कपाटातलं जुनं लुगडं मागितलं, चौपदरी घडी करून बायकोच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली सरकवलं. एका कडेने त्या, दुसऱ्या कडेने मी. माणूस उचलायचा नाही, लुगडं उचलायचं. मग पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याच्या मागे, एक कमरेच्या हाडावर, आणि आपल्याकडे वळवायचं. पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीला उशी लावून जरासं कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. नळीचं भरवताना पाठ उशांनी उंच करायची, नळीवरची खूण नाकाशी होती तिथेच आहे ना ते बघायचं, पिचकारीचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी वर धरायची आणि पातळ आपोआप उतरू द्यायचं. शेवटी साधं पाणी. अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. पेज पंचातून गाळायची. लघवीची पिशवी मी नीटनेटकी म्हणून खिडकीच्या गजाला टांगली होती. ती त्यांनी न बोलता काढून खाटेच्या खालच्या पट्टीला बांधली. वर टांगली तर लघवी उलटी फिरते.

या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. त्या उठताना बायको पहिल्यांदा आवाज काढून काहीतरी बोलली. बोबडं होतं, पण मला कळलं: "आता वायच बरा वाटता."

ही पंचवीस मिनिटं दवाखान्यातच मिळावीत, एवढंच मागणं आहे. नळी, लघवीची पिशवी किंवा लुळं अंग घेऊन जो पेशंट घरी जातो, त्याच्या घरच्या माणसाने निदान दोन दिवस सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने कूस बदलावी, स्वतःच्या हाताने भरवावं, आणि ते जमलं अशी सिस्टरची सही डिस्चार्ज कार्डावर पडल्याशिवाय सोडू नये. कार्डावर एक रकाना वाढवायचा आहे. पत्रक वाटून हे होणार नाही. आमच्या वाडीत पत्रकं सुकट बांधायला जातात.

नवीन योजनाही नको. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात माणसाचा त्रास हलका करायची उपशामक सेवा, तिचा कार्यक्रम २०१२ सालापासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि उपशामक सेवा लिहिलेली आहे. याच किनाऱ्यावर खाली केरळने २००८ मध्ये यासाठी धोरण केलं आणि काम पंचायतींकडे दिलं. तिथे नर्स घरी येते आणि घरच्यांना शिकवून जाते. आपल्याकडे ओरोसला आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे? फक्त हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटात टाकू नका. त्यांच्या पिशवीत आधीच फार वह्या आहेत.

कोकणात हे अधिक का लागतं, ते आपल्याला सांगायला नको. पोरं मुंबईला. घरात दोन म्हातारी, त्यातलं एक पडलं की दुसरं नर्स. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या चाळीस पायऱ्या. जुलैत लाइट दोन-दोन दिवस जाते, मग विजेवर फुगणारी हवेची गादी बसते आणि जुन्या लुगड्यावरच भिस्त राहते.

कॅन्सरवाल्यांचं तर आणखी वेगळं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ परळहून मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या गोळ्या घेऊन आले. गोळ्यांनी पोट साफ होईना, म्हणून घरच्यांनी त्या बंद केल्या. वेदनेत शेवटचे दिवस काढले त्यांनी. त्या गोळ्यांबरोबर पोट साफ व्हायचं औषध रोज चालू ठेवायचं असतं. दुखायला लागल्यावर नव्हे, गोळी घड्याळावर द्यायची असते. २०१४ साली संसदेने कायदा बदलून मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी केली. पुढचं एवढं त्यांच्या सुनेला कोण सांगणार होतं?

माझं लिहून झालं. मीही नुसतं सांगून मोकळा होत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाने बोलावलं तर आठवड्यातला एक दिवस वॉर्डात उभा राहून नातेवाइकांना लुगड्याची घडी दाखवीन. सिस्टर बाजूला असू देत, चुकलं तर टोकतील. मंगळवार सोडून कुठलाही दिवस चालेल. तेवढा वेळ बायकोजवळ कुणी बसलं पाहिजे, याची मात्र व्यवस्था आपल्याला करावी लागेल.

आपला,
एक निवृत्त वाहक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग